दोघांनी वाचलेली नाणी

धाकटीला अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झाली होती, केस पांढरे झाले होते, गुडघे कुरकुरायला लागले होते, तरी सगळं संग्रहालय तिला धाकटीच म्हणायचं. कारण शेजारच्याच टेबलावर तिचा दादा बसायचा, आणि तो मारायचा तीच हाक पुढे सगळ्यांच्या तोंडी बसली होती. दादा एकाहत्तरचा. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण ती कागदोपत्री. रोज सकाळी दहाला तो तिच्याबरोबर तीन मजले चढून नाण्यांच्या खोलीत यायचा. मानद सल्लागार म्हणून यायचा, म्हणजे पगार नाही आणि रजाही नाही. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची सोय नव्हती. दादा नाकावर माशी बसू द्यायचा नाही आणि धाकटी हसून विषय बदलायची.

काम दोघांचं एकच. झिजलेली रोमन नाणी वाचायची. लोक डोळे विस्फारून बघतात ती सोन्याची नव्हेत. साम्राज्याच्या उतारवयातली, काशाची, नखाएवढी, हिरवी पडलेली. एका बाजूला सम्राटाचं डोकं आणि भोवती त्याचं नाव नि पदवी, दुसऱ्या बाजूला बहुतेक दोन शिपाई, त्यांच्यामधे निशाण, खाली टांकसाळीची खूण. साल म्हणून काही लिहिलेलं नसतं. ते काढायचं ह्या अक्षरांवरून. त्यात कॉन्स्टंटाईन नावाच्या बापानं तीन पोरांना आपलंच नाव थोडं थोडं मुरडून दिलेलं. तीनही नावं कॉन्स्टपासून सुरू, आणि नेमका पुढचा भाग झिजलेला. सोळाशे वर्षांनी कुणाच्या तरी डोक्याला ताप होईल ह्याचा त्या माणसानं काही विचारच केला नव्हता. पण एकदा हात बसला की कळतं. पोराच्या नावाशी 'सीझर' असेल तर बाप अजून जिवंत. 'ऑगस्टस' असेल तर बाप गेला, पोरगं गादीवर बसलं. शिपायांमधे दोन निशाणं असतील तर आधीचं, एकच असेल तर नंतरचं. अशा चार खुणा जमवल्या की दोन-चार वर्षांच्या अंतरात साल हाती लागतं.

ह्या कामात दादाचा एक नियम होता, आणि तो दगडावरची रेघ होता. प्रत्येक नाणं दोघांनी वाचायचं, एकमेकांना न विचारता. तिशीत असताना त्यानं एकट्यानं वाचलेलं एक नाणं चुकीचं छापून गेलं होतं आणि एका मोठ्या परिषदेत भरसभेत त्याचं हसं झालं होतं. "एका माणसाचे डोळे म्हणजे अर्धेच डोळे," असं तो तेव्हापासून म्हणायचा. आधी धाकटी वाचायची. वाचन चिठ्ठीवर लिहायचं, शंका असेल त्या अक्षराखाली ठिपका द्यायचा, आणि चिठ्ठी पत्र्याच्या डब्यात टाकायची. मग तेच नाणं पाकिटातून दादाच्या टेबलावर. त्याची चिठ्ठी दुसऱ्या डब्यात. शुक्रवारी चार वाजता दोन्ही डबे उघडायचे, आणि वाचनं जुळली तरच नाणं वहीत चढायचं.

पूर्वी दहातलं एखादं तरी न जुळणारं निघायचं. मग काय, नुसती जुगलबंदी. भिंगं बाहेर, दिवा खाली, नाणं तिरपं धर, सरळ धर. "तुला ते दिसतंय कारण तुला ते हवंय," असं एकानं म्हणायचं आणि "तुझा चष्मा पूस आधी," असं दुसऱ्यानं. एकदा आवाज इतके चढले की संचालकबाई धापा टाकत वर आल्या होत्या. धाकटीला ते भांडण मनापासून आवडायचं, हे तिनं कधी कबूल केलं नव्हतं.

ह्या गेल्या वर्षा-सव्वा वर्षात मात्र सगळं जुळत होतं. एका शेतात नाल्यासाठी खणताना मडकं सापडलं होतं, त्यातली अकराशे नाणी ही दोघं वाचत होती. अर्धी वाट होत आल्यापासून एकही नाणं भांडणापर्यंत आलं नव्हतं. दर शुक्रवारी दादा डबे उघडायचा, धाकटी दोन्ही चिठ्ठ्या वाचायची, आणि दादा म्हणायचा, "जुळलं." बस, एवढंच. शाबासकी देणं त्याच्या रक्तातच नव्हतं. पण एकतीस वर्षं त्याच्या हाताखाली चुका ऐकत आलेल्या बाईला ते 'जुळलं' पुरायचं. आपले डोळे आता दादाच्या तोडीचे झाले, असं तिच्या मनानं घेतलं होतं. शुक्रवारी घरी जाताना ती जिना एकेक पायरी मोजत नव्हे, चक्क भराभर उतरायची.

बावीस नाणी राहिली होती. हत्ती गेला होता, शेपूट उरलं होतं. ह्या नाण्यांची जी सूची छापायची होती, तिची प्रस्तावनाही लिहून झाली होती आणि तिच्यात दादाचं आवडतं वाक्य होतं: 'प्रत्येक नाणे दोन वाचकांनी स्वतंत्रपणे वाचलेले आहे.'

त्या बुधवारी फोटोग्राफर वर आला. छपाईसाठी तो नाण्यांचे फोटो घेत होता. हातात दोन पाकिटं.

"ताई, सहाशे बाराला तुम्ही दोन निशाणं लिहिलीत. मला एकच दिसतंय. आणि सहाशे तेराला एक लिहिलंय, तिथं दोन आहेत. माझ्याकडून पाकिटं उलटीपालटी झाली का?"

दादा खाली संचालकबाईंकडे गेला होता. धाकटीनं नाणी काट्यावर ठेवली. वजन पाकिटावर आधीच लिहिलेलं असतं. ते बरोबर होतं. म्हणजे नाणी आपापल्या पाकिटात होती. तिनं आपल्या जुन्या चिठ्ठ्या काढल्या आणि तारीख बघताच तिला आठवलं. त्या दिवशी तिची दाढ ठणकत होती. दोन पाकिटं शेजारी उघडी ठेवून तिनं एकाचं वाचन दुसऱ्याच्या नंबरावर लिहिलं होतं.

"माझाच घोळ आहे हो," ती म्हणाली. "दुरुस्त करते."

फोटोग्राफर गेला. मग तिच्या मनात आलं, मी घोळ घातला, पण दादानं घातला नसणार. मग त्या शुक्रवारी जुळलं कसं? तिनं दादाच्या चिठ्ठ्या काढल्या. सहाशे बारा: दोन निशाणं. सहाशे तेरा: एक निशाण.

तिनं चारही चिठ्ठ्या शेजारी शेजारी मांडल्या. एकच अक्षर दोघं चुकीचं वाचू शकतात, ते होतं. पण दोन नाण्यांची अदलाबदल दोघांकडून एकाच दिवशी होत नाही. दाढ तिची ठणकत होती, त्याची नव्हे. मग तिनं ठिपके बघितले. शुक्रवारी ते कधी कुणी ताडून बघत नसे, फक्त वाचन बघायचे. जिथं तिला शंका आली होती, नेमकी तिथं त्यालाही आली होती. तिनं मागच्या महिन्याचा गठ्ठा सोडला, त्याच्या मागचा सोडला. चिठ्ठीमागून चिठ्ठी, ठिपक्याखाली ठिपका. दादानं नाणी बघितलीच नव्हती. डब्याची किल्ली त्याच्याच खणात असायची, आणि ती जेवणाच्या सुट्टीत खाली अंगणात उन्हात बसायची. तो बसायचा वरच. "मला जिना नको दोनदोनदा," म्हणायचा.

का, हेही तिला तिथंच उभ्या उभ्या कळलं. इतके दिवस डोळ्यांवर कातडं ओढून बसल्यासारखी ती बसली होती. "अक्षर मोठं काढ, जाड पेन्सिलनं काढ, छापखान्याला बरं पडतं," असं त्यानंच सांगितलं होतं. वर्तमानपत्र बंद केलं होतं, "त्यात असतं काय?" म्हणून. बोलताना मान वाकडी करून तिच्या कानाशेजारी बघायचा. मान आखडली असेल म्हणून तिनं शेकायची पिशवी आणून दिली होती. घरात तो कपाला धक्का लावत नव्हता, दाराला अडखळत नव्हता. कडेकडेचं दिसत असणार. मधलं गेलं होतं, आणि नाणं वाचायला मधलंच लागतं.

तिला राग यायला हवा होता. आलाही, पण त्याच्या आधी दुसरंच काही आलं. गेल्या वर्षभराचं प्रत्येक 'जुळलं' तिला एकामागून एक आठवत गेलं, आणि प्रत्येक तिच्याच आवाजातलं निघालं.

गुरुवारी तिनं एक हजार एकोणऐंशी नंबरचं नाणं वाचलं नाही. चिठ्ठीवर मोठ्या, जाड अक्षरांत लिहिलं: 'दादा, तुला दिसत नाही ना?' आणि ती डब्यात टाकून अंगणात जेवायला गेली. तोंडावर विचारायचं धाडस तिच्यात नव्हतं. जन्मभर दोघांचं जे काही महत्त्वाचं बोलणं झालं, ते चिठ्ठ्यांमधूनच झालं होतं.

ती वर आली तेव्हा दादा खिडकीकडे तोंड करून बसला होता. संध्याकाळी दोघं बरोबर घरी गेली. तिनं स्वयंपाक केला, त्यानं ताटं मांडली. त्यानं चिठ्ठी वाचली आहे हे तिला माहीत होतं, तिला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं, आणि दोघं समोरासमोर बसून जेवत होती.

"मीठ कमी आहे का?" तिनं विचारलं.

"नाही. बरोबर आहे."

शुक्रवारी चार वाजता त्यानं डबे उघडले. किल्ली त्यानं चाचपून लावली. धाकटीनं नेहमीप्रमाणे एकेक चिठ्ठी वाचली. एक हजार एकोणऐंशी आलं. आपली चिठ्ठी तिनं मोठ्यानं वाचली नाही. नुसती समोर ठेवली. त्याची उचलली.

"वाचू नकोस," दादा म्हणाला. "मी सांगतो. नाही दिसत. चौदा महिने झाले."

"डॉक्टरांकडे गेला होतास?"

"गेलो होतो. दोघांकडे. एक म्हणाला उपाय नाही. दुसरा पण तेच म्हणाला, फक्त फी जास्त घेऊन."

तिला हसू आलं नाही. एरवी आलं असतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर मी इथं कशाला आलो असतो?" तो म्हणाला. "घरी बसून काय करू? भिंती मोजू?" मग किल्ली टेबलावर ठेवून, "आणि तुझ्यात चूक निघत नव्हती, धाकटे. तू वाचलेलं म्हणजे मी वाचल्यासारखंच. माझा विश्वास होता."

एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिची स्तुती केली होती. आणि ती तिला नको झाली.

"तुझ्या विश्वासाचं मी काय करू?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "मला तुझे डोळे हवे होते. नाहीतर नाहीत असं कळायला हवं होतं. चौदा महिने मी एकटी वाचत होते दादा, आणि मला वाटत होतं की आपण दोघं आहोत."

दादानं दोन्ही डब्यांची झाकणं लावली.

"चारशे नव्वदपर्यंत मी बघितलंय," तो म्हणाला. "पुढचं सगळं तुझं एकटीचं. बाईंना सांग. माझं नाव काढायला सांग."

"नाव काढणार नाही. जेवढं वाचलंस तेवढ्यावर राहील."

सोमवारपासून तो आला नाही. संचालकबाई समजूतदार होत्या. रागावल्या, मग हळहळल्या, मग छपाई सहा महिने पुढे ढकलली. चारशे नव्वदच्या पुढची सगळी नाणी पुन्हा वाचायला दुसरा वाचक मागवला. दुसऱ्या गावच्या विद्यापीठातला पन्नाशीचा गृहस्थ, धूळ नाकात गेली की ओळीनं सात शिंका देणारा. धाकटीनं मनातल्या मनात त्याचं नाव शिंकोबा ठेवलं. माणूस चांगला होता. नाणं उचलून बघायचा, न बोलता लिहायचा. पहिल्याच शुक्रवारी तीन वाचनं जुळली नाहीत, आणि तिन्हींत चूक धाकटीची होती. शिंकोबा भांडला नाही. "होतं असं," म्हणाला आणि रुमाल काढला. तिला वाटलं, हा निदान ओरडला असता तर बरं झालं असतं.

घरी दादा खिडकीशी बसलेला असायचा. ती आली की विचारायचा, "किती झाली?" ती आकडा सांगायची. चुका किती, ते त्यानं कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही. रेडिओ लावून द्यायची. दोन वेळा चहा करताना त्यानं हात भाजून घेतला, तेव्हापासून ती सकाळीच थर्मास भरून ठेवून जायची. जाताना दाराशी तो उभा राहायचा, पायात बूट घालून. कुठं जायचं नसताना बूट कशाला, हे तिनं विचारलं नाही.

सहाव्या महिन्यात वाचन संपलं. त्या संध्याकाळी ती कागद घेऊन घरी आली. प्रस्तावनेचा नवा मसुदा दादाला वाचून दाखवल्याशिवाय तिला छापायला द्यायचा नव्हता.

"किती निघाल्या?" दादानं विचारलं. ह्या वेळी त्याला नाणी विचारायची नव्हती.

एक-दोन, असं म्हणायचं तिच्या अगदी ओठांवर आलं. म्हाताऱ्या माणसाला तेवढं पुरलं असतं. पण खोटं जुळवून घेण्याचा खेळ ह्या घरात पुरेसा झाला होता.

"एक्केचाळीस," ती म्हणाली.

दादानं मान हलवली.

"त्यातल्या निम्म्या तरी मी पकडल्या असत्या."

"सगळ्याच पकडल्या असत्यास," ती म्हणाली. ते खरंच होतं.

"वाच पुढे."

तिनं वाचलं. मडकं कधी पुरलं, हे त्यातलं शेवटचं नाणं कधीचं ह्यावरून ठरतं. इथलं शेवटचं नाणं कॉन्स्टंटाईनच्या मुलांच्या आपसातल्या लढाईच्या आसपासचं. भावाभावांचं जुंपलं तेव्हा कुणीतरी घाबरून मडकं पुरलं, हे दादाचं म्हणणं. त्यावर त्याचा मोठा लेख सूचीच्या सुरुवातीला होता. मग वाचकांविषयी: 'क्रमांक एक ते चारशे नव्वद ही नाणी...'

"सत्त्याऐंशी कर," दादा म्हणाला.

"तीन नाण्यांनी काय होतंय?"

"अठ्ठ्याऐंशी आठवतंय तुला?"

आठवत नसायला काय झालं! चारशे अठ्ठ्याऐंशी नंबर म्हणजे त्यांचं शेवटचं भांडण. धाकटीला त्या नाण्यावर दोन शिपाई दिसले नव्हते. डोक्यावरून वस्त्र घेतलेली एकच आकृती उभी दिसली होती, दोन्ही बाजूंना दोन-दोन अक्षरं. मेलेल्या कॉन्स्टंटाईनच्या स्मरणार्थ मुलांनी दहा वर्षांनी पाडलेलं नाणं. ते तसं असेल तर सगळं मडकं सात वर्षं पुढे जात होतं आणि दादाचा लेख कोसळत होता. दादानं शिपाई लिहिला होता: दोघांतला एक झिजलाय, उरलेल्याचं शिरस्त्राण तुला वस्त्र वाटतंय. तिनं नेट धरला, तसा तो ओरडला. अशा आवाजात तो तिच्यावर कधी ओरडला नव्हता. "तीस वर्षं माझ्या हाताखाली काढून तुला शिपाई आणि मेलेला माणूस ओळखू येत नाही?" ती बाथरूममध्ये जाऊन रडली. चार दिवस दोघं बोलली नाहीत. पाचव्या दिवशी तिनं आपली चिठ्ठी फाडली आणि त्याच्यासारखं वाचन लिहून दिलं. त्यानंतर तिच्या चिठ्ठ्यांवर ठिपके वाढत गेले. आपल्याला दिसतं त्यावर तिचा भरवसाच राहिला नव्हता. दर शुक्रवारच्या 'जुळलं'नं तो तिनं इंचाइंचानं परत मिळवला होता.

"मला काही दिसलं नव्हतं," दादा म्हणाला. "मधे नुसता काळा डाग होता. उभी आकृती आहे की आडवी, तेसुद्धा नाही. शिपाई लिहिला, कारण तिथं नेहमी शिपाईच असतो. तुझं बरोबर होतं, धाकटे."

"मग ओरडलास कशाला?"

"भीती वाटली."

रेडिओ मंद चालू होता. धाकटीनं उठून तो बंद केला आणि परत येऊन बसली. नव्वद खोडून तिनं सत्त्याऐंशी केलं. दादाचा लेख ज्या पानांवर होता, त्यांच्यावर कडेनं एक लांब रेघ मारली. त्यातलं आता काहीच राहणार नव्हतं.

एक्केचाळीस चुका निघाल्या तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. ह्या एका बरोबर वाचलेल्या नाण्यासाठी मात्र ती त्याच्या समोरच्या खुर्चीत बसून, लहान मुलीसारखी मोठ्यानं रडली. दादानं मान वाकडी करून तिचा चेहरा कडेनं तरी सापडतो का ते बघितलं, मग हात पुढे केला, आणि तो टेबलावरच्या कागदांवर टेकला.

"धाकटे," तो म्हणाला आणि कागदांवरून हात पुढे सरकवत राहिला.